दोन कानांची खिटी

परभणी जिल्ह्यात शिडाची होडी होती, तिला खिडक्या होत्या आणि त्या खिडक्या बदलणारा माणूस माझ्या ओळखीचा होता, असं मी सांगू लागलो की ऐकणारा आधी पुढं वाकून माझ्या तोंडाचा वास घेतो. त्याचा दोष नाही. माझी ख्यातीच तशी. वालूरच्या बाजारात मी एकदा सांगितलं होतं, की आमच्या विहिरीतल्या बेडकाचा आवाज असा दांडगा, की तो ओरडला की बैल आपोआप मोट ओढायला लागायचे. ते लोकांनी चहा पीत पीत मान्य केलं. एकानं तर बेडकाचं पुढं काय झालं म्हणून काळजीनं चौकशी केली. होडी मात्र खरी होती, आणि नेमकी तीच कुणाला पटत नाही.

येलदरीच्या धरणाचं पाणी नवं नवं अडलं तेव्हा तिथल्या कुणा साहेबाला शिडाची हौस आली. त्यानं कोकणातून एक होडी ट्रकवर घालून मागवली. देवगाव फाट्यावर तिची डोलकाठी लिंबाच्या झाडात अशी अडकली की रस्ता बंद पडला, आणि ती बघायला जमलेल्या गर्दीसाठी तिथं जे चहाचं हॉटेल निघालं ते अजून चालू आहे असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मी म्हणतो. पुढं साहेबाची बदली झाली, होडी राहिली. मी धरणाच्या वसाहतीत स्टोअरला कामाला लागलो तेव्हा घमेली, दोरखंड, सिमेंट आणि ही होडी असा सगळा संसार माझ्या ताब्यात आला.

पण सांगायचंय ते लिंबाजी मास्तरांबद्दल.

मास्तर वसाहतीच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. उंच, काळेशार, अंगात नेहमी निळीत बुडवलेला पांढरा सदरा, खिशात घडीची फूटपट्टी, कानामागं पेन्सिल. आवाज असा, की त्यांनी शाळेत ‘बस खाली’ म्हटलं की तिकडं चारठाण्याच्या देवळातले दगडी द्वारपाल गुडघ्यात वाकत असतील. स्वभावानं नम्र वगैरे मुळीच नव्हते. स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करायचे आणि दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. माझ्या ऑफिसातल्या टेबलाकडं पहिल्यांदा बघून म्हणाले, “हे कुणी केलं? त्याला जन्माला येताना घाई झाली आसंल.”

लाकूड हातात आलं की बोटाचं पेर त्यावर आपटायचे आणि कान लावायचे. “सागवान बोलतंय,” म्हणायचे, “बाभूळ भांडतीय. आन आंबा? आंबा नुसता हो हो करतोय. असल्या लाकडावर आन असल्या माणसावर वजन टाकायचं न्हाई.” असं म्हणून माझ्याकडं बघायचे. मी हो हो म्हणायचो.

त्यांची एक सवय मात्र लोकांना चमत्कारिक वाटायची. कुणाच्याही घरी गेले की आत पाऊल टाकण्याआधी दाराच्या बाहेरची कडी हातात घ्यायचे. उचलायचे, सोडायचे. खळ्ळ. पुन्हा उचलायचे. खळ्ळ. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बायको चहा घेऊन आली, तर हे अजून दारातच.

“ही कशाला हाय?” त्यांनी तिला विचारलं.

“कडी? बाहेर जाताना लावायला, गुरुजी.”

“आन आत कुणी आसताना बाहेरून कुणी लावली तर?”

“अगं बाई! कोण लावंल?”

मास्तरांनी कडी पुन्हा एकदा उचलून सोडली. चहा उंबऱ्यावर बसून प्याले. नंतरही कधी आले तर उंबऱ्यावरच. पाऊस असला तर अर्धे मास्तर कोरडे आणि अर्धे ओले असायचे, पण आत येऊन भिंतीला टेकले असं झालं नाही. स्वतःच्या क्वार्टरची कडी त्यांनी पहिल्याच दिवशी काढून माझ्याकडं जमा केली होती. झोपायचे ओट्यावर, बारा महिने. त्या ओट्यावरची थंडी अशी की कुत्रीसुद्धा भुंकायला तोंड उघडायची नाहीत, एकमेकांकडं बघून नुसती मान हलवायची. मास्तर घोंगडी ओढून तिथंच.

शाळेत आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्या वर्गांच्या बाहेरच्या कड्या पेचकसानं काढून टाकल्या. मग जे व्हायचं ते झालं. गावातली एक म्हैस रोज पहाटे येऊन तिसरीच्या वर्गात बसू लागली. पुढं तिची उपस्थिती पोरांपेक्षा बरी भरली आणि निकालही काही वाईट लागला नसता, पण हेडमास्तरांनी आडकाठी घातली. ते तणतणत आले.

“मास्तर, अहो वर्गात जनावरं शिरायलीत!”

“शिरू द्या की. त्येंची त्येंला बाहीर निगायला येतंय न्हवं?”

“येतंय.”

“मंग बास झालं.”

वसाहतीत त्यांना ‘बिनकडीचे मास्तर’ नाव पडलं. मीही त्यावर दोन-चार किस्से रचून चालवले. मग एके दिवशी मास्तरांची बायको कौसाबाई माझ्या बायकोपाशी बसून काही बोलली, आणि ते माझ्या बायकोनं मला सांगितलं. त्यानंतर मी ते किस्से सांगायचे बंद केले.

जे मला कळलं ते एवढं. त्यात मी काही घालत नाही.

मास्तरांचं गाव दुसरं, त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथं बौद्ध वस्तीत सगळ्यांत भक्कम घर मास्तरांचं. धाब्याचं, स्वतः राबून बांधलेलं. सागवानी दार, त्याला हातभर लांब कडी, खिडकीला अंगठ्याएवढ्या जाडीचे लोखंडी गज. माझ्या घरात वारासुद्धा इचारून येतो, असं मास्तर अभिमानानं सांगायचे म्हणे. विद्यापीठाला नवं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडाभर वस्त्या पेटल्या, त्यात त्यांची वस्ती पेटली. मास्तर तेव्हा दुसऱ्या गावाला, शाळेत. घरात कौसाबाई आणि मास्तरांची म्हातारी माय. लोक आले. कुणीतरी बाहेरून कडी घातली. मग ओट्यावरच्या कडब्याला काडी लावली.

दार फुटलं नाही. फुटणार कसं, मास्तरांनी केलेलं होतं. खिडकीचे गज हलले नाहीत. घर धुरानं भरलं. आमच्याकडं माळवदाच्या घराला छतात एक भोक ठेवतात, उजेड यायला आणि धूर जायला. त्याला सवणं म्हणतात. पाऊस आला की वरून पत्रा झाकायचा. शेजारच्या माळवदावरून कुणीतरी पळत आलं, सवण्यातून हात घातला आणि उतरंडीवर चढलेल्या कौसाबाईंना वर ओढून घेतलं. मायला उतरंडीवर चढता येईना. ती खालून म्हणाली, “तू जाय.”

मास्तर परत आले तेव्हा दार तसंच उभं होतं. कडी तशीच लावलेली.

कडी कुणी घातली ते सगळ्यांना मालूम होतं. मास्तरांनी त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. मी एकदा, एकदाच, विचारलं. ते रंधा मारत होते. हात न थांबवता म्हणाले, “त्याच्या घरचं दार बी मीच करून दिलंय.” रंध्यातून एक लांब साल निघाली, तुटली. मग म्हणाले, “कडीचं सोडा, स्टोअरवाले. गज कुणी बसवले व्हते? मी. माप घेऊन.”

कौसाबाई माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, “मायसाटी ह्यो माणूस अजून रडला न्हाई, बाई. तवापासून नुसता रंधाच मारायलाय.”

तर अशा माणसाच्या हातात ती होडी आली.

धरणाच्या फुगवट्यानं पलीकडच्या तीरावरची काही गावं रस्त्याला तोडली होती. तिथल्या बाळंतिणी, आजारी माणसं, आठवडी बाजाराच्या बाया, सगळ्यांना लांबचा वळसा पडायचा. नवे आलेले इंजिनिअर साहेब तरुण होते, लातूरकडचे, मनानं चांगले. त्यांच्या डोक्यात आलं की ती होडी दुरुस्त करून दवाखान्याच्या आणि बाजाराच्या कामी लावावी. नावाडी होता. शीड शिवून मिळालं. पण होडीच्या मधोमध जी बसायची खोली होती तिची पार वाट लागली होती. खिडक्यांच्या काचांना मोतीबिंदू झाला होता. चौकटी अशा कुजलेल्या की करंगळी खुपसली तर पलीकडच्या तीरावर निघेल. वरची दोन झाकणं, एक पुढच्या अंगाला आणि एक खोलीत उतरायच्या जागी, पावात दूध मुरावं तशी पाण्यानं फुगलेली. पाऊस बाहेर थांबला तरी आत चालू राहायचा.

उन्हाळ्याची सुट्टी होती. मी मास्तरांचं नाव सुचवलं. साहेब, मास्तर आणि मी असे तिघं काठावर गेलो. होडी चिखलात एका कुशीवर कलंडून पडली होती. मास्तर वर चढले, पुढचं झाकण उचललं आणि त्या भोकातून आत बघत राहिले. बराच वेळ. साहेबांना वाटलं, माप घेतायत.

“हे सवणं हाय,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“काही न्हाई. आमच्यात सवणं म्हणतेत.”

साहेबांनी काम सांगितलं. “सगळ्या खिडक्या नव्या. त्यांना गज बसवा. आणि दोन्ही झाकणांना बाहेरून कोयंडा, कुलूप लावता येईल असा. कंदील चोरीला जातात, दोर जातात. मागं तर नांगर गेला.”

“गज न्हाई,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

“गज बसवायचे न्हाईत. आन बाहेरून कुलूप न्हाई. माणसं आत बसणार, साहेब. नांगर न्हाई.”

“माणसं आत असताना कोण कुलूप लावणार आहे, मास्तर?”

मी मान खाली घातली. मास्तर साहेबांकडं शांतपणे बघत होते. साहेब बाहेरचे, त्यांना काही ठाऊक नव्हतं. शेवटी म्हणाले, “बरं, आधी खिडक्या तर करा. कोयंड्याचं मग बघू. पण बघू म्हणजे बसवायचाच आहे हं. चोरी झाली तर जबाब मला द्यावा लागतो.”

मास्तरांनी काम घेतलं. ते त्यांनी का घेतलं, हे आमच्यात फक्त कौसाबाईंना कळलं असावं. रोज दुपारी त्या भाकरी घेऊन यायच्या आणि काठावर बसून ते काम बघत राहायच्या. होडीत कधी पाय टाकला नाही.

आता पहिल्या खिडकीचं सांगतो. मास्तरांनी जन्मभर घरांच्या चौकटी बसवल्या. चौकट बसवायची म्हणजे ओळंबा सोडायचा, दोरीला लोंबणारं वजन दाखवील ती सरळ रेघ, त्यावर चौकट. मास्तरांनी तसंच केलं. जुने गंजके स्क्रू रॉकेल पाजून आणि लालभडक सळई टेकवून सोडवले, कुजकं लाकूड खरवडून काढलं, ओळंबा सोडला आणि सागवानाची चौकट अशी बसवली की ओळंब्याच्या दोरीला नि तिच्या कडेला केसाचंही अंतर नाही. स्वतःच मागं सरून बघितलं आणि स्वतःच म्हणाले, “वा.” मग होडी पाण्यात ढकलून बघायची ठरली. पाण्यात गेली तशी होडी सरळ झाली, आणि खिडकी वाकडी! अशी वाकडी की ती खिडकी शिंदी पिऊन आलीय असं वाटावं. होडी चिखलात कलंडलेली होती हे आम्ही सगळे रोज बघत होतो. पण ओळंबा खोटं बोलेल हे आमच्याकडं कुणाच्या डोक्यात येणार? आमच्याकडं घरं हलत नाहीत.

नावाडी पोट धरून हसला. साहेब तोंड फिरवून हसले. मी काठावर लोळून हसलो. मास्तर हसले नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी खिडकी बघितली, होडी बघितली, पाणी बघितलं.

“खिडकी सरळ हाय,” म्हणाले. “बाकीची होडी वाकडी हाय.”

ती खिडकी त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही. पण दुसऱ्या दिवशी ओळंबा माझ्याकडं आणून ठेवला आणि बाकीच्या खिडक्यांची मापं होडीच्या अंगावरूनच, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी धरून घेतली. काचेऐवजी पाटीवाले रंगारी वापरतात ते जाड पारदर्शक प्लास्टिक परभणीहून आणलं. पहिला तुकडा स्क्रूंनी आवळून बसवला तर दुपारच्या उन्हात फुगला आणि फाटकन तडकला. मास्तर त्या तुकड्याला म्हणाले, “तुला बी जागा पायजे व्हय?” मग भोकं स्क्रूपेक्षा सैल पाडली आणि चौकटीत ट्रॅक्टरच्या ट्यूबची रबरी पट्टी घातली. प्लास्टिकनं खुशाल फुगावं, खुशाल आकसावं, पाणी मात्र आत यायचं नाही. दोन खिडक्या त्यांनी उघडणाऱ्या केल्या. त्यांची रुंदी ठरवायला काठावर गेले आणि कौसाबाईंच्या खांद्यांवर दोरी धरली. एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत. वर चार बोटं सैल. त्या नुसत्या सरळ बसून राहिल्या.

मग झाकणं. माळवदावर सवण्याच्या भोवती मातीचा उंच काठ करतात, पावसाचं पाणी वाहत येऊन आत पडू नये म्हणून. मास्तरांनी तसाच लाकडाचा काठ होडीच्या अंगावर उभा केला आणि त्यावर उलट्या परातीसारखं बसणारं झाकण केलं. त्याला कडी नाही, कोयंडा नाही. एक खिटी. ती खिटी मी नीट सांगतो, कारण माझ्या सगळ्या खोट्यानाट्यात हीच एक गोष्ट मला जशीच्या तशी पोचवायचीय. झाकणातून आरपार एक लाकडी दांडी. दांडीला वर एक कान, खाली एक कान. खालच्या कानाचं टोक काठाच्या खाचेत अडकतं तेव्हा झाकण बंद. कुठलाही कान फिरवा, दुसरा फिरतोच. आतल्या माणसानं लावली तर बाहेरचा उघडू शकतो, बाहेरच्यानं लावली तर आतला. कुणाच्याही हाती दुसऱ्याला कोंडणं नाही.

झाकणाखाली त्यांनी पायऱ्या केल्या. रुंद, एकीपेक्षा दुसरी थोडीशीच उंच, बाजूला धरायला गोल दांडा. साहेबांनी विचारलं, “मास्तर, एवढ्याशा खोलीत एवढ्या पायऱ्या कशाला? जागा जाते. तरणी माणसं एका उडीत वर येतील.”

“म्हाताऱ्या माणसाला येता येत न्हाई,” मास्तर म्हणाले आणि रंधा मारू लागले.

काम संपलं त्या दिवशी साहेब जीपमधून कोयंडे आणि कुलपं घेऊनच आले. पिशवी माझ्या हातात दिली. मी ती घेऊन उभा राहिलो. मास्तर झाकणाच्या पुढं उभे. साहेबांनी खिटी फिरवून बघितली, तिची तारीफही केली. “पण मास्तर, ही तर कुणालाही उघडता येते.”

“व्हय.”

“चोरालाही.”

“व्हय. त्यालाबी.”

“मग उपयोग काय?”

मास्तरांनी खिशातली फूटपट्टी काढली. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, नुसती तिची घडी उघडत नि मिटत होता. त्यांना बोलायचंच नव्हतं असं नाही. बोलायला लागले तर कुठवर जावं लागेल, ते त्यांना दिसत असावं.

तेवढ्यात काठावरून कौसाबाई उठल्या. पदर खोचला. फळीवरून चालत होडीत आल्या, कुणाला न विचारता पुढच्या झाकणातून पायऱ्या उतरून खाली गेल्या आणि आतून म्हणाल्या, “लावा.”

“कौसे,” मास्तर म्हणाले.

“लावा म्हणते ना. मागलं दार बी लावा. बाहीरून लावा.”

मागचं झाकण नावाड्यानं लावलं. पुढचं मास्तरांनी लावावं म्हणून आम्ही थांबलो, पण त्यांचा हात उचलेना. शेवटी साहेबांनीच झाकण खाली घेतलं आणि वरचा कान फिरवला. खिटी बसल्याचा बारीक आवाज आला.

पाणी होडीच्या कुशीला लागत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. आतून काही नाही. मी वेळ मोजला नाही. मोजला असता तरी माझ्या सांगण्यावर तुम्ही विश्वास ठेवला नसता. मास्तरांचे डोळे त्या लाकडी कानावर होते. त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजत भिजत कमरेपर्यंत गेली. साहेब एकदा माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “काय आहे हे?” मी त्यांना बाजूला घेतलं आणि चार वाक्यांत सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला.

मग कान फिरला. आपोआप फिरल्यासारखा. झाकण उचललं गेलं आणि कौसाबाईंचं डोकं वर आलं, मग खांदे, मग त्या दांडा धरून एक एक पायरी चढत बाहेर आल्या. लुगडं झटकलं. मास्तरांच्या पुढं उभ्या राहून म्हणाल्या, “त्या येळंला वडून काढलं व्हतं मला. आता माज्या पायानं आले.”

थोडं थांबून म्हणाल्या, “मायलाबी आलं आसतं ह्या पायऱ्यांवरून.”

मास्तर खाली बसले. पण रडले नाहीत. झाकणाच्या काठावरून तळवा फिरवत राहिले, कुठं कुसळ राहिलंय का बघावं तसं.

साहेबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जीपमध्ये नेऊन ठेवली. “कंदील रोज संध्याकाळी स्टोअरला जमा करा,” मला म्हणाले. बस, एवढंच.

होडी बरीच वर्षं चालली. तिच्यात बाया बाळंत झाल्या, शेळ्या बुडता बुडता राहिल्या. एकदा तर एक नवरदेव उलट्या वाऱ्यानं दुसऱ्याच गावच्या मांडवात जाऊन पोचला, आणि तिथं त्याचं इतकं स्वागत झालं की तो परत यायला तयार नव्हता. यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एकदा बाजारच्या दिवशी अचानक वावटळ उठली आणि होडी भर पाण्यात एका कुशीवर झुकली, ते खरं. आत बाया भरलेल्या. नावाडी शिडाशी झुंजत होता, त्याला मागं बघायला सवड नव्हती. झाकण उघडलं, बाया एकीमागं एक वर येऊन दोरांना धरून बसल्या, शीड उतरलं, होडी सावरली. कुणाला काही झालं नाही. मी पळत जाऊन मास्तरांना सांगितलं. माझं नेहमीचं तिखटमीठ लावून सांगत होतो, तर त्यांनी मधेच अडवलं.

“झाकण कुणी उघडलं?”

“एका म्हातारीनं.”

“आतून का बाहीरून?”

“आतून.”

मास्तरांनी मान हलवली आणि हातातलं काम पुढं चालू केलं. त्या दिवशी त्यांनी एकही चौकट नापास केली नाही, असं पोरं सांगत होती.

पुढं पलीकडच्या तीराला रस्ता झाला. होडीचं काम संपलं. मास्तरही निवृत्त झाले, पण वसाहतीजवळच राहिले. होडी काठाशी बांधलेली असायची. मास्तर दुपारी तिच्यात जाऊन पडायचे, झाकणं सताड उघडी टाकून.

संक्रांतीचा दिवस होता. थंडी सरत आली होती, ऊन चांगलं लागत होतं. रेडिओवर बातमी आली की विद्यापीठाला शेवटी ते नाव मिळालं. मी तिळगुळाची पुडी खिशात टाकली आणि काठाकडं निघालो. एवढी मोठी बातमी अशी सांगायची की तिला ढोल-ताशे लागावेत, असे मनात शब्द जुळवत होतो. कौसाबाई लिंबाखाली तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना आधी सांगितलं. त्यांचे हात शेंगांवर थांबले. जरा वेळानं पुन्हा चालू झाले.

“मास्तर कुठं?”

“होडीत पडलेत.”

मी बघितलं. पुढचं झाकण खाली होतं. मागचंही.

“झाकण कुणी लावलं?” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“त्येंनीच वडून घेतलं. डोळ्यावर ऊन यायलंय म्हणले.”

मी फळीवरून होडीत गेलो. ती वाकडी खिडकी उन्हात चमकत होती, आत काही दिसत नव्हतं. मी झाकणाशी वाकलो आणि मास्तर लाकडावर वाजवायचे तसं बोटाच्या पेरानं वाजवलं.

“लावलेलं न्हाई,” आतून आवाज आला. “नुसतं झाकलंय.”

जुळवलेले शब्द सगळे गेले. मी म्हणालो, “मास्तर, नाव लागलं.”

आत काही हाललं नाही.

“खरं सांगायलात?” ते म्हणाले. “का तुमचं नेहमीचं?”

“खरं, मास्तर. रेडिओवर आलं.”

मग माझ्या डोळ्यांसमोर झाकणावरचा लाकडी कान हलला. हळूहळू फिरला आणि आडवा झाला. बारीक आवाज आला, तोच, साहेबांनी फिरवली होती त्या दिवसासारखा. आतून खिटी लागली होती.

मी तसाच वाकलेला. मागून कौसाबाई फळीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या आडव्या कानाकडं त्यांनी बघितलं. आतून काहीतरी ऐकू येत होतं. ते काय होतं, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

“चला भाऊ,” त्या म्हणाल्या, “च्या ठेवते. आपलं आपुन येतेल ते.”

त्यानंतर लवकरच माझी बदली झाली, आणि मास्तर गेल्याचं मला फार उशिरा, दुसऱ्या गावात कळलं. म्हणजे शेवटचं दर्शन म्हणायचं तर मला माणूस दिसलाच नाही, एक लाकडी कान दिसला. उघडायचं म्हटलं असतं तर तो माझ्या हाताशी होता, बोटाच्या जोरानं फिरला असता. मास्तरांनी तो तसाच केला होता.

मी हात मागं घेतला आणि तिळगुळाची पुडी झाकणाच्या काठावर ठेवून उतरलो.